हे खरं काय ओ? सीमाभागात मोबाइलवर फिरणाऱ्या बातम्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यात बातमी आधी ग्रुपवर पडते, मग कट्ट्यावर चघळली जाते आणि तपासली गेलीच तर सगळ्यात शेवटी. खालचे प्रश्न आपल्या भागात नेहमी ऐकू येणारे आहेत. उत्तरं देताना आम्ही आमचं मत लपवलेलं नाही.

बातमी खरी की खोटी हे लोक ठरवतात तरी कशावरून?

बहुतेक वेळा बातमीवरून नाहीच, पाठवणाऱ्यावरून. "मामांनी पाठवलंय, ते उगाच काही पाठवत नाहीत." मामा सज्जन आहेत यात वाद नाही. पण ती बातमी मामांची नसते. त्यांना ती मित्राकडून आली, मित्राला सोसायटीच्या ग्रुपवरून, आणि त्या ग्रुपवर कुठून आली ते कुणी विचारलेलं नसतं. भरवसा माणसावरचा असतो आणि तो आपण मजकुराला देऊन टाकतो.

दुसरी कसोटी म्हणजे किती ठिकाणांहून आली. तीन ग्रुपवर तेच दिसलं की तिघांनी पाहिलं असं वाटतं, प्रत्यक्षात एकच मजकूर तीनदा फिरलेला असतो. 1977 साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या अमेरिकी संशोधकांनी काही विधानं लोकांपुढे आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा ठेवली. पुन्हा समोर आलेली विधानं लोकांना अधिक खरी वाटू लागली, मग ती मुळात खरी असोत वा खोटी.

तिसरी कसोटी सगळ्यांत जड, आणि सीमाभागात तर फारच. बातमी आपल्या मनात आधीच असलेल्या गोष्टीशी जुळते का? 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि हा भाग तेव्हाच्या म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला, तेव्हापासूनची सल इथल्या घराघरांत आहे. त्याच तारखेला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे काळा दिन पाळला जातो. अशा गावात "त्यांनी आपला फलक फाडला" हे वाक्य मराठी माणसाला पटायला पुरावा लागत नाही. तसंच "समितीवाल्यांनी (म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांनी) दगड मारला" हे कन्नड माणसाला पटायलाही लागत नाही. राग आला की माणसाला तपासण्याची गरजच वाटत नाही. म्हणून आमचा एक साधा आग्रह आहे: वाचताक्षणी डोकं तापलं, तर तीच बातमी आधी तपासायची.

डोळ्यांसमोर व्हिडिओ आहे, मग तो खोटा कसा?

व्हिडिओ बहुधा खराच असतो. खोटं असतं ते त्याच्याखाली लिहिलेलं गाव आणि तारीख.

डिसेंबर 2021 मध्ये बंगळूरमध्ये शिवरायांच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली आणि पाठोपाठ बेळगावच्या अनगोळमध्ये कन्नडिगांचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. 6 डिसेंबर 2022 रोजी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये बस कंडक्टरला मारहाण झाल्यावर दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या काही काळ थांबल्या. या सगळ्या घटना घडलेल्या आहेत आणि त्यांची चित्रं लोकांच्या मोबाइलमध्ये पडून आहेत. यातली एखादी क्लिप कुणी आज "आत्ताच, चन्नम्मा चौक" एवढं लिहून सोडली, तर ती बनवायला कसलंही कौशल्य लागत नाही. जुनी क्लिप आणि नवी ओळ, एवढ्यावर भागतं.

तपासायचं कसं? क्लिप थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्समध्ये टाका, तेच चित्र आधी कुठे आलंय का ते दिसेल. ते जमत नसेल तर नुसते डोळे वापरा. गाडीची पाटी बघा: केए 22 बेळगावची, केए 23 चिक्कोडीची, एमएच 09 कोल्हापूरची, एमएच 10 सांगलीची. (पाटीवरून फक्त गाडीची नोंदणी कळते, घटना कुठली ते नाही. पण "बेळगावातला दंगा" म्हणून आलेल्या क्लिपमध्ये एकही केए 22 नसेल तर शंका घ्यायला हरकत नाही.) लोकांच्या तोंडाला मास्क आहेत का? मग ते 2020 किंवा 2021 असण्याची शक्यता मोठी. एप्रिलच्या बातमीत रस्ते ओले आणि डोक्यावर इरलं? दुकानांवरचे फलक कुठल्या लिपीत आहेत, मागे कुठल्या निवडणुकीचे झेंडे आहेत, लोक कुठली बोली बोलतायत? बेळगावचा माणूस बेळगावचं बोलणं दोन वाक्यांत ओळखतो. ती ओळख इथे कामाला लावायची.

मग मुलं पळवणाऱ्या टोळीचं काय? ते तरी सावधगिरीचं म्हणून पाठवायला नको का?

नको. याचं उत्तर जरा कडक आहे, कारण या एका अफवेने माणसं मेली आहेत.

2018 मध्ये देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी एक कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीतून कापलेली होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी येते, तेवढाच भाग उडवला होता. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते सोलापूरकडचे, पोटासाठी फिरणारे लोक होते. दोन आठवड्यांच्या आत बिदर जिल्ह्यातल्या मुरकी गावाजवळ हैदराबादहून आलेला एक तरुण अशाच संशयावरून मारला गेला. त्याच्या सोबत्याने शाळकरी मुलांना चॉकलेट दिलं होतं. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या शेजारच्या जत तालुक्यात, लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना बेदम मारहाण झाली. विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या त्या साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला होता.

यल्लम्माच्या यात्रेला, पंढरीच्या वारीला, ऊसतोडीला अनोळखी माणसं या पट्ट्यातून सतत जातात येतात. त्यातल्या कुणालाही रस्ता विचारावा लागतो. खरोखर संशय आला तर 112 ला फोन करा. ग्रुपवर टाकून मूल वाचत नाही, जमाव मात्र जमतो.

धरणातून पाणी सोडल्याचे मेसेज पावसाळ्यात रोज येतात. कुठला खरा मानायचा?

इथे थोडा भूगोल आणि थोडं गणित आलं की अर्धे मेसेज आपोआप गळून पडतात.

आधी भूगोल. कृष्णा सांगलीकडून येते, राजापूर बंधारा ओलांडून कर्नाटकात शिरते, चिक्कोडी, रायबाग, अथणी तालुक्यांतून पुढे जाते. अलमट्टी धरण त्याच्या कितीतरी खाली, विजापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे "अलमट्टीचे दरवाजे उघडले, चिक्कोडीकरांनो गावं सोडा" हा मेसेज उलटा आहे. अलमट्टीतून सोडलेलं पाणी रायचूरकडे जातं, मागे येत नाही. अलमट्टीबद्दलचा जो खरा वाद आहे तो दरवाजे मिटून साठा चढवल्यावर पाठीमागे फुगणाऱ्या पाण्याचा. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर तो पुन्हा तापला, आणि त्यावर दोन्ही राज्यांची मतं वेगळी आहेत. चिक्कोडीच्या नदीकाठच्या माणसाने बघायचे आकडे म्हणजे कोयनेचा विसर्ग, राजापूर बंधाऱ्यावरचं पाणी आणि दूधगंगा, वेदगंगेची पातळी. घटप्रभेच्या काठच्यांनी हिडकल बघावं, मलप्रभेच्या काठच्यांनी नविलुतीर्थ.

आता गणित. टीएमसी (अब्ज घनफूट) हे साठ्याचं माप, क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हे वाहण्याचं. 1 लाख क्युसेक पाणी पूर्ण दिवसभर वाहिलं तर साधारण 8.64 टीएमसी होतं. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी. म्हणजे "कोयनेतून आज 100 टीएमसी सोडलं" असं कुणी लिहिलं, तर त्याला दिवसभर जवळजवळ साडेअकरा लाख क्युसेक सोडावं लागेल आणि धरण संध्याकाळी कोरडं पडेल. लिहिणाऱ्याला टीएमसी आणि क्युसेक यांतला फरक माहीत नाही, एवढंच त्यातून कळतं.

खरा आकडा केंद्रीय जल आयोगाच्या पूर अंदाजात आणि कर्नाटकच्या आपत्ती देखरेख केंद्राच्या रोजच्या पत्रकात मिळतो. पण तलाठी आणि पोलीस दारात येऊन निघा म्हणाले तर गणित करत बसू नका, निघा.

उद्या शाळेला सुट्टी आहे का?

हा प्रश्न जुलैत रात्री नऊनंतर येतो आणि पोरांच्या डोळ्यांत आशा असते. सुट्टीचा आदेश आला की तीन गोष्टी बघा: तारीख, तालुका आणि सही कुठल्या जिल्हाधिकाऱ्याची. खानापूरला धो-धो पाऊस असताना अथणीत ऊन असू शकतं, म्हणून कित्येकदा सुट्टी ठरावीक तालुक्यांपुरतीच असते. कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश चंदगडमार्गे बेळगावच्या ग्रुपवर येतो तो खराच असतो, फक्त तुमच्यासाठी नसतो. आणि मागच्या वर्षीच्या आदेशावरची तारीख खोडून नवी घालणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात आहेत. तारखेचे आकडे बाकीच्या टायपिंगपेक्षा जाड किंवा तिरके दिसले की समजा. शाळेच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांचा निरोप येईपर्यंत दप्तर भरून ठेवावं.

आदेश कन्नडमध्ये असतो. मला कन्नड वाचता येत नाही. मग?

मूळ आदेश मागा, त्याचा मराठी सारांश नको. सारांश म्हणजे कुणाची तरी समजूत असते, आणि घाईत केलेली. 2021 मध्ये कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआर अहवाल लागायचा. तेव्हा जुना आदेश, नवा आदेश आणि कुणीतरी सांगितलेला आदेश असे तिन्ही एकाच वेळी ग्रुपवर फिरत. त्या दिवशी खरा असलेला कागद पुढच्या महिन्यात खोटा ठरू शकतो.

मोबाइलचा कॅमेरा धरला की भाषांतर होतं. ते ओबडधोबड असतं, पण तारीख, तालुका आणि विषय कळायला पुरतं. त्याहून सोपं म्हणजे घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला द्या. इथल्या मराठी माध्यमाच्या शाळेतही कन्नड शिकवतात, आणि त्याची सक्ती आवडो न आवडो, तपासणीच्या कामी तिचा उपयोग होतो.

खरं सांगायचं तर आपल्या भागाचं हेच बळ आहे. पुण्यातल्या माणसाला बेळगावची बातमी एकाच बाजूने मिळते, बंगळूरच्या माणसाला दुसऱ्या एकाच बाजूने. आपल्या गल्लीत मराठी पेपर येतो आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात कन्नड. एकाच घटनेच्या दोन्ही बातम्या शेजारी ठेवा. जे दोघांतही आहे, म्हणजे वेळ, जागा, किती जखमी, कुठलं पोलीस ठाणं, ते बहुधा पक्कं. जे फक्त एकात आहे, म्हणजे "चिथावणी कुणी दिली", तिथे थांबा. विशेषणं दोन्हीकडची सोडून द्या.

पेपरचं कात्रण आलंय, मग तर खरं ना?

कात्रण बनवायला आता दोन मिनिटं लागतात. त्या पेपरचा त्या तारखेचा ई-पेपर उघडा आणि ते पान शोधा. पेपर नेमका कुठला तेही बघा. बेळगावात "तरुण भारत" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 1919 मध्ये इथे सुरू झालेला पेपर येतो, पण नागपूरचा "तरुण भारत" वेगळा आहे. नावावरून ओळखीचा वाटलेला कागद आपला नसू शकतो.

नेत्याच्या स्वतःच्या खात्यावरून आलं असेल तर?

सीमाभागाला याचा मोठा अनुभव 2022 च्या शेवटी आला. जत तालुक्यातल्या गावांवरून शब्दांची लढाई पेटली होती, गाड्या फुटल्या, बस थांबल्या. 14 डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दिल्लीत महाराष्ट्राचे एकनाथ शिंदे आणि कर्नाटकचे बसवराज बोम्मई या तेव्हाच्या दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं. बाहेर येऊन शहांनी सांगितलं, की बड्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही वाद वाढवला आणि त्यावर गुन्हे नोंदवले जातील. बोम्मईंच्या नावाचं ट्विट खरंच बनावट होतं का, अशी शंका महाराष्ट्रातल्या विरोधकांनी लगेच घेतली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, नाव आणि फोटो बघून खातं मानायचं नाही. खात्याचं पूर्ण नाव, ते कधी उघडलं आणि आधी काय लिहिलंय ते बघायचं. निळी टिक आता पैसे भरून मिळते, ती ओळखपत्र नव्हे. दोन, "ते खातं माझं नव्हतं" हेसुद्धा एक विधान आहे आणि तेही तपासावं लागतं. अंगाशी आलेलं वक्तव्य बनावट म्हणून झटकणं राजकारण्यांना सोयीचं असतं, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत.

"सीमाप्रश्नाचा निकाल उद्या" असा मेसेज आलाय. खरा आहे का?

हा मेसेज वर्षातून अनेकदा येतो आणि ज्येष्ठ माणसं त्या रात्री झोपत नाहीत, म्हणून याचा जरा जास्त राग येतो. महाराष्ट्राने 2004 मध्ये राज्यघटनेच्या कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा क्रमांक मूळ दावा 4/2004. न्यायालयाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक घालून स्थिती कुणालाही बघता येते, पैसे लागत नाहीत. यादीत नाव लागणं म्हणजे सुनावणी होणं नव्हे. सुनावणी होणं म्हणजे निकाल नव्हे. कित्येकदा यादीत लागलेला दावा पटलावर येतच नाही आणि दिवस संपतो. निकालाच्या दिवशी तो कुण्या गल्लीतल्या ग्रुपवर आधी कळणार नाही, देशभरातल्या सगळ्या वाहिन्यांवर एकदम येईल.

865 गावांना महाराष्ट्राची योजना मिळणार, फॉर्म भरा, अशी लिंक आली आहे.

अर्धसत्य सगळ्यांत धोक्याचं ते असं. सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये घेतला आणि कर्नाटकने त्याला हरकत घेतली, हे खरं. पण त्या खऱ्या बातमीच्या पाठीवर बसून कुणीही लिंक पाठवू शकतो. पत्त्याचा शेवट "जीओव्ही डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" असा आहे का ते बघा. आधार क्रमांकापाठोपाठ ओटीपी मागितला किंवा एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अॅप टाकायची फाइल) उतरवायला सांगितली की तिथेच थांबा. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

तपासायला वेळ कुणाला आहे?

दोन मिनिटं पुरतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइनबर्ग आणि मॅक्ग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना एकाच प्रकारची संकेतस्थळं पारखायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर खाली-वर करत बसले, देखणा लोगो आणि गंभीर भाषेला भुलले. तपासनीस मात्र लगेच ते पान सोडून दुसऱ्या खिडक्या उघडून बघत होते, की या लोकांबद्दल बाकीचे काय म्हणतात. आपणही तेच करायचं. मेसेज पुन्हा पुन्हा वाचून तो खरा की खोटा हे कळत नाही. त्यातले गाव, नाव आणि घटना हे तीन शब्द गुगलवर टाका. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज या बातम्या तपासणाऱ्या संकेतस्थळांच्या मराठी आवृत्त्या आहेत. केंद्र सरकारच्या निर्णयांबद्दल पीआयबी फॅक्ट चेक बघता येतं, पण ते सरकारचंच आहे हे लक्षात ठेवून.

आणि गावचीच बातमी असेल तर त्या गावात फोन लावा. वडगावात काय झालं हे वडगावच्या पाहुण्याला विचारणं हा अजूनही सगळ्यांत वेगवान मार्ग आहे. फक्त प्रश्न असा विचारा: "तू स्वतः बघितलंस काय?" "सगळे म्हणतायत" हे उत्तर धरायचं नाही.

मेसेजवर दोन बाण दिसतात, त्याचा अर्थ काय?

तो पाच किंवा अधिक हातांतून पुढे आलेला आहे. 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दोन बाण म्हणजे खोटं नव्हे, पण ज्याने लिहिलं त्याला तुमचा पाठवणारा बहुधा ओळखत नाही. मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण दिसत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

एआयने केलेला आवाज किंवा चेहरा ओळखायचा कसा?

बोटं, दात, पापण्या बघा असं सांगतात, पण त्या खुणा महिन्यागणिक कमी होत चालल्या आहेत. नुसत्या डोळ्यांवर आणि कानांवर विसंबू नका. हे भाषण कुठे झालं, तिथे आणखी कोण हजर होतं, दुसऱ्या कोनातून कुणी टिपलंय का? जाहीर सभेचा एकच व्हिडिओ, तोही वीस सेकंदांचा, आणि बाकी सगळीकडे सामसूम, हे पटण्यासारखं नाही.

ग्रुपवर कुणी खोटं टाकलं तर अॅडमिन आत जातो का?

केवळ अॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या मेसेजसाठी जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. मात्र हे निकाल कर्नाटकातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, आणि अॅडमिनची स्वतःची फूस असेल तर गोष्ट वेगळी. लिहिणाऱ्या किंवा पसरवणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम 353 (अफवा, खोटी माहिती) आणि 196 (गटागटांत वैर) लागू शकतं. दोन्हींत साधारणपणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "मी फक्त फॉरवर्ड केलं" हा बचाव पोलीस ठाण्यात फार टिकत नाही. सणाच्या किंवा 1 नोव्हेंबरच्या आधी अॅडमिनने चार दिवस "फक्त अॅडमिन पाठवतील" ही सोय चालू ठेवली तर कुणाचं काही बिघडत नाही.

घरातल्या मोठ्यांना कसं समजावायचं?

ग्रुपवर सगळ्यांदेखत नाही. काकांना चारचौघांत खोटं पाडलं की ते बातमी सोडून स्वतःची बाजू राखायला लागतात. वेगळा फोन करा, "काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं ओ?" एवढंच विचारा.

एकदा समजावलं म्हणजे झालं अशी अपेक्षाही ठेवू नका. 2019 च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये सुमित्रा बद्रीनाथन यांनी घरोघरी तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं, सरासरीने फारसा फरक पडला नाही. पुढे बिहारमध्येच शाळकरी मुलांना वर्गात बसवून काही आठवडे हेच शिकवलं तेव्हा फरक पडला आणि तो टिकला. आमचा अंदाज असा, की आपल्याकडेही काकांपेक्षा काकांच्या नातीला शिकवणं सोपं जाईल. मोबाइल तसाही तिच्याच हातात असतो.

मी पाठवून बसलो आणि नंतर कळलं खोटं होतं. आता?

व्हॉट्सअॅपवर साधारण अडीच दिवसांपर्यंत "सर्वांसाठी डिलीट" करता येतं. पण नुसतं पुसू नका. पुसलेल्या मेसेजची फक्त उत्सुकता वाढते, आणि ज्यांनी तो आधीच वाचला त्यांच्या डोक्यातून तो जात नाही. त्याच ग्रुपवर लिहा: "वरची हिंडलग्याची बातमी खोटी आहे, तसं काही झालेलं नाही, मी तिथे फोन करून विचारलं." मूळ क्लिप पुन्हा जोडू नका. खऱ्या गोष्टीने सुरुवात करा, आणि ज्यांना स्वतंत्रपणे पाठवली होती त्यांनाही तेच कळवा.